डावी कड

उन्मेष हेर्लेकरला ऑफिसात सगळे 'ओळंबा' म्हणायचे. भिंत सरळ चढतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, पण ते त्याला चपखल बसलं होतं आणि त्यालाही मनातून आवडायचं. मोबाइलच्या पडद्यावर एखादं बटण शेजारच्या ओळीतून केसभर सरकलेलं असलं, तरी खुर्चीत बसायच्या आधीच ते त्याला खुपायचं. बाकीच्यांना बोट ठेवून दाखवलं तरी दिसत नसे.

विसाव्या वर्षी तो शाहूपुरीतल्या एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका लावायला लागला. बारा वर्षं तेच केलं. वर गणपती, खाली वधूवरांची नावं, त्याखाली दोन्हीकडच्या काका-मामांची रांग, सगळं मधोमध. पुढं लोक पत्रिका फोनवरच पाठवायला लागले, प्रेसचं काम आटलं आणि उन्मेष राजारामपुरीत अमरसिंहच्या कंपनीत आला. कंपनी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि आठ माणसं. दवाखाने, दूध संस्था, क्लासवाले यांच्यासाठी ही मंडळी ॲप बनवायची. ॲपच्या पडद्यावर काय कुठं दिसावं, हे ठरवणं उन्मेषकडं.

पहिल्या वर्षी त्यानं तिथंही सगळं पत्रिकेसारखं मधोमध मांडलं. मग एकदा एका दवाखान्यात तो त्याच्या ॲपवर काम करणाऱ्या बाईंच्या मागं उभा राहिला. बाई रुग्णाचं नाव शोधत होत्या आणि दर ओळीला त्यांची मान किंचित हलत होती. ओळ कुठून सुरू होते, ते प्रत्येक वेळी नव्यानं शोधावं लागत होतं. उन्मेष घरी आला, जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या ओळी डाव्या कडेला आणून लावल्या. नावं डावीकडून, आकडे उजवीकडून, म्हणजे एककाखाली एकक येतो. पत्रिका माणूस एकदाच वाचतो, तिथं मधोमध चालतं. फॉर्म रोज भरायचा असतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं त्यानं पुस्तकं, व्हिडिओ सगळं धुंडाळलं, तेव्हा कळलं की जगभर लोक हेच सांगतायत. त्याला जरासं वाईटही वाटलं.

तीन वर्षांपूर्वी भैरवी त्याच्या हाताखाली आली. मूळची गगनबावड्याची, घरची भातशेती, कोल्हापुरात एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहायची. कमी बोलायची, पण सांगितलेलं एकदाच सांगावं लागायचं. मराठी आणि इंग्रजी एका ओळीत आलं की उन्मेष तिला म्हणायचा, "मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, इंग्रजी खालच्या रेघेवर बसलेलं असतं. दोघांना एका ओळीत आणायचं तर मोजपट्टी सोड, डोळा काय म्हणतो ते ऐक." ती मान हलवायची आणि संध्याकाळपर्यंत ते जमवून दाखवायची. तेजस्वी ही त्याची मुलगी, सातवीत. तिच्यानंतर उन्मेषनं इतक्या मायेनं कुणाला काही शिकवलं नव्हतं.

भैरवीच्या तिसऱ्या वर्षी एका दूध संघाचं काम आलं. गावोगावच्या बायका घरोघर जाऊन जनावरांच्या लसीची, आजाराची नोंद ठेवायच्या, त्यांच्यासाठी ॲप. उन्मेष आणि भैरवी कोडोलीला गेले आणि बयाबाई नावाच्या पन्नाशीच्या बाईंच्या गोठ्यात बसून त्यांना दोन नमुने दाखवले. पहिला मधोमध मांडलेला होता; त्यावर बयाबाईंचा अंगठा नुसता फिरत राहिला.

"ह्यात डोळं नुसतं उड्या मारत्यात की ओ," त्या म्हणाल्या. "कुठनं वाचायचं त्येच कळंना झालंय."

दुसरा नमुना भैरवीनं डाव्या कडेला लावलेला. बयाबाईंनी अंगठा त्या कडेवरून सरळ खाली नेला. "ह्यो बरा हाय. दावणीला जनावरं बांधल्यावानी दिसतंय. एक सुटलं तर लगीच कळतंय."

येताना गाडीवर उन्मेष हसत होता. "दहा वर्षांत मला जे नीट सांगता आलं नाही, ते बाईनं एका वाक्यात सांगितलं बघ."

ॲप पुरं होत यायला चार महिने लागले. गौरी-गणपती आठवड्यावर आले असताना संघाची दोन माणसं शेवटचं बघायला येणार होती. गुरुवार होता. उन्मेषची बायको नंदिनी शाळेत शिकवायची, सकाळची शाळा. सहा वाजता दोघांनी चहा घेतला. तो ठणठणीत होता. तेजस्वीची वेणी घालताना तिला चिडवत होता. साडेसहाला मायलेकी बाहेर पडल्या.

साडेआठच्या सुमाराला त्याला डोक्यात जडपणा वाटला. रात्री झोप नीट झाली नसेल, असं म्हणून त्यानं दाढी केली, शर्ट घातला आणि गाडी काढली. साकोली कॉर्नरला रस्त्याकडेच्या एका मोटारसायकलला त्याची गाडी घासली. "पावणं, आंधळं हायसा काय?" असं कुणीतरी ओरडलं. उन्मेषला आपण कशाला घासलो तेच कळलं नाही.

ऑफिसात तो भैरवीच्या समोर येऊन बसला, तेव्हा दहा वाजले होते. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा बघितलं. त्याच्या चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यावर दाढी गुळगुळीत केलेली होती, डाव्या अर्ध्यावर दोन दिवसांचे खुंट तसेच होते. घाईत राहिली असेल, असं तिला वाटलं. सरांना कसं सांगायचं, म्हणून ती गप्प बसली.

अकराला संघाची माणसं आली. अमरसिंहनं चहा मागवला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर भैरवीनं ॲप लावलं. ती बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात उन्मेष म्हणाला, "नावं कुठायत?"

"कसली, सर?"

"रकान्यांची. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, लसीची तारीख, ताप... नुसते आकडे दिसतायत. हा एकशे दोन कशाचा?"

"तापाचा, सर. डावीकडं लिहिलंय की."

"भैरवी, मला डावं-उजवं शिकवू नकोस."

ती घाबरून टीव्हीजवळ गेली आणि नावांवर बोट ठेवलं. तिचा हात उन्मेषला दिसला नाही. ती मधूनच कुठंतरी नाहीशी झाली, एवढंच त्याला जाणवलं. तिनं सगळी डावी कड पुसून टाकली आहे आणि वर लोकांसमोर आपल्याला वेड्यात काढते आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. आयुष्यात तो कुणावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला.

"चार महिन्यांचं काम मातीत घातलंस! तीन वर्षं काय शिकवलं मी तुला? हे काम तुझं न्हाय. गावाकडं जा आणि भात लाव जा, जा!"

 टीव्हीवर सगळी नावं आपल्या जागी होती. अमरसिंहला दिसत होती, संघाच्या माणसांना दिसत होती, चहा घेऊन आलेल्या बाईंनाही दिसत होती. या दोघांचं आधीचं काहीतरी भांडण असणार, असं ज्यानं त्यानं धरलं. भैरवीनं लॅपटॉप मिटला, पिशवी उचलली आणि ती जिना उतरून गेली. स्टँडवर जाऊन तिनं गगनबावड्याची एसटी धरली आणि फोन बंद केला.

दुपारी उन्मेषनं डब्यातली उजवीकडची भाजी खाल्ली, पोळी खाल्ली आणि नंदिनीनं आज आमटी दिली नाही म्हणून कुरकुर केली. आमटीची वाटी डावीकडं भरलेली होती. साडेतीनला बाहेर पडताना तो काचेच्या दाराच्या डाव्या चौकटीवर सरळ जाऊन आदळला. कपाळ फुटलं. त्याला उठवताना अमरसिंहला पहिल्यांदा ती अर्धी दाढी जवळून दिसली आणि त्यानं रिक्षा आणायला माणूस पळवला.

दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण हळू आणि स्पष्ट बोलायच्या.

"डोळे चांगले आहेत त्यांचे," त्यांनी नंदिनीला सांगितलं. "मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाहीये. आपल्याला अंधार दिसला तर कळतं, इथं काही दिसत नाही. त्यांना तेही कळत नाही. डावीकडं काही असतं, हेच त्यांच्यापुरतं संपलंय."

"बरं होईल ना?"

"काही अंशी. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते चार-साडेचार तासांत द्यावं लागतं. सकाळी कुणाच्या काही लक्षात आलं नाही का?"

नंदिनीनं अमरसिंहकडं बघितलं. अमरसिंह जमिनीकडं बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी उन्मेषपुढं एक कागद ठेवला. कागदावर एक आडवी रेघ होती. "ही बरोबर मधोमध तोडा. फक्त एक खूण करा."

उन्मेषला हसू आलं. "मॅडम, बारा वर्षं मी हेच केलंय." त्यानं पेन्सिल घेतली आणि क्षणभरही न थांबता खूण केली. डॉक्टरबाईंनी खुणेकडं बघून वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिणं त्याला खटकलं. "पट्टी द्या," तो म्हणाला.

पट्टी आली. त्याच्या खुणेपासून उजवं टोक चार सेंटिमीटरवर होतं. मग डॉक्टरबाईंनी त्याची हनुवटी हलकेच धरून डावीकडं वळवली, वळवत राहिल्या, आणि त्याचं बोट कागदावरून मागं नेलं. रेघ संपेना. बोट जात राहिलं. चौदा सेंटिमीटर.

त्यानं मान सोडली, पुन्हा समोर बघितलं. खूण पुन्हा मधोमध होती. पट्टीवरचे आकडे खोटे बोलत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि आपला डोळा खोटं बोलत नाही हेही आजवर ठाऊक होतं.  एकदम तो म्हणाला, "म्हणजे भैरवीची नावं होती."

नंदिनीला काही माहीत नव्हतं. "कुठली नावं?"

 त्यानं अंगावरची चादर तोंडावर ओढून घेतली, तीही अर्धीच आली.

आठवड्यानं तो घरी आला. डावा हात थोडा ढिला होता, पण चालत-बोलत होता, भेटायला येणारे म्हणायचे, "काय झालंय तुला? झकास तर हाईस!" नंदिनी त्याच्या ताटावर नजर ठेवून बसायची. त्यानं उजवी बाजू संपवून "झालं" म्हटलं, की ती ताट फिरवायची आणि तो नव्यानं वाढल्यासारखा जेवायचा. 

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की त्याच्या डाव्या बाजूला बसत जा, तिकडून बोलत जा, म्हणजे मेंदूला सवय लागेल. तेजस्वीनं ते मनावर घेतलं. एका दुपारी ती शाळेतून आली, चित्रकलेची वही घेऊन त्याच्या डावीकडं बसली आणि त्याला न सांगता वाट बघू लागली. पप्पांनी आपणहून ओळखायला हवं होतं. अर्ध्या तासानं उन्मेषनं हाक मारली, "नंदिनी, तेजू अजून आली नाही गं? बघ जरा फोन करून."

पोर हुंदका दाबत उठली आणि आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्याला कळलं. त्या दिवशी मात्र तो जेवला नाही आणि नंदिनीनंही ताट फिरवलं नाही.

व्यायाम होते, ते तो इमानानं करायचा. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला नंदिनी लाल चिकटपट्टी लावून द्यायची. प्रत्येक ओळ वाचायच्या आधी मान वळवत लाल पट्टी सापडेपर्यंत मागं जायचं, ती सापडली की तिथून वाचायला सुरुवात. पहिल्या महिन्यात त्याला एका बातमीला पाऊण तास लागायचा. मान भरून यायची. कधी वाटेत एखादा ठळक शब्द लागायचा आणि तो तिथूनच वाचायला लागायचा. वाक्याला डोकं नसायचं, पण त्याला ते पुरं वाटायचं. गावोगावच्या बायकांना ओळीची सुरुवात शोधावी लागू नये म्हणून त्यानं एवढी धडपड केली होती. आता त्याची स्वतःची सुरुवात हरवली होती आणि ती कुठल्या कडेला लावून देणं कुणाच्या हातात नव्हतं.

भैरवीला त्यानं फोन लावला तो लागला नाही. बोलून निरोप पाठवायचा म्हणून तो रेकॉर्ड करायचा आणि पुसायचा. 'भैरवी, मी चुकलो,' एवढं म्हटलं की तो बटण सोडून द्यायचा. अमरसिंहकडून कळलं की तिनं राजीनामा दिलाय आणि हातातलं काम तेवढं गावाकडून संपवतेय. दूध संघाचं ॲप तिनंच पुरं करून दिलं. गणपती, दिवाळी गेली, पण ती भेटायला आली नाही. तिनं यावं तरी का, असं तो मनाशी म्हणायचा.

डिसेंबरात अमरसिंह घरी आला. "नुसतं घरात बसून काय करणार? तपासायचं काम कर. दोन-तीन तास ये." अमरसिंह मनानं चांगला होता. उन्मेष रिक्षानं जायला लागला. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डाव्या कडेलाही नंदिनीनं लाल पट्टी चिकटवून दिली. तो एकेक पडदा बघायचा, पट्टीपर्यंत मागं जायचा, मग 'ठीक' अशी नोंद करायचा. पंधरा दिवस बरे गेले. तो घरी येऊन तेजस्वीला दिवसभराचं सांगायलाही लागला.

एका दुपारी तो पाणी प्यायला उठला आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबला. अमरसिंह कुणालातरी हळू आवाजात सांगत होता, "उन्मेषनं बघितलं असलं तरी परत एकदा बघून घेत जा. काल त्या दवाखान्याच्या ॲपात डावीकडच्या दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. त्याला काही बोलू नका, काय?"

उन्मेष जागेवर आला. आवाज न करता त्यानं पडद्यावरची लाल पट्टी नखानं सोडवली, गोळी करून खिशात टाकली. मग अमरसिंहकडं जाऊन म्हणाला, "उद्यापासून येत नाही. मान फार दुखते."

"आरं, पण..."

"खरंच दुखते," तो म्हणाला. अमरसिंहनं त्याला जिन्यापर्यंत सोडलं, डाव्या बाजूनं, खांद्याला धरून.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी भैरवी आली. तिला पुण्यात नोकरी लागली होती, सोमवारी जायचं होतं. नंदिनीनं दारातच तिला सांगितलं की खुर्ची डावीकडं घे, तसं करायला सांगितलंय. भैरवी बसली. उन्मेषनं मान वळवायला सुरुवात केली. आधी कपाट आलं, मग भिंत, मग खिडकी, मग तिचा खांदा. ती बारीक झाली होती.

"तुझी नावं जागेवर होती," तो म्हणाला. पाच महिने जे जमलं नव्हतं ते असं निघालं. "सगळी. मी ते बोलायला नको होतं. भाताचं तर मुळीच नको होतं."

"सर, ते जाऊ द्या."

"जाऊ देता येत नाही."

भैरवी दुपट्ट्याचं टोक पिळत होती. "त्याच्यामुळं मी इतके दिवस आले नाही, असं वाटतंय ना तुम्हाला? रागावले म्हणून? राग तर चार दिवसांतच गेला." तिनं टोक सोडलं. "मी दहा वाजता तुमची दाढी बघितली होती. अर्धी. आमच्या आजोबांना असाच झटका आलेला, त्यांचं तोंड वाकडं झालं होतं; तुमचं झालं नव्हतं म्हणून मला काही वाटलं नाही. लाजेनं बोलले नाही. अमरसिंह सरांनी पुढं सांगितलं, इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं. मी हिशेब केला, सर. मी दहाला बोलले असते तर वेळ होता."

स्वयंपाकघरात नंदिनीचा हात थांबला. हा हिशेब तिनंही केला होता, अमरसिंहपासून साकोली कॉर्नरला ओरडणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांच्या नावानं केला होता. आपण त्या दिवशी उशिरा बाहेर पडलो असतो तर, असा स्वतःच्याही नावानं.

उन्मेष म्हणाला, "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. आरसा दाखवला असतास तरी मला पुरी दाढी दिसली असती."

हे खरं होतं की तिच्यासाठी म्हटलं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बोलता बोलता त्याची मान समोर आली होती.  त्याला वाटलं भैरवी ऐकतेय, म्हणून तो बोलत राहिला. पुण्याला कसलं काम आहे, कुणाच्या हाताखाली, मराठी अक्षरांचं काम मिळेल का तिथं. उत्तर येईना, तेव्हा त्यानं पुन्हा वळायला सुरुवात केली. कपाट, भिंत, खिडकी, आणि खुर्ची. खुर्चीवर नुसती तिची पिशवी होती.

"गेली?" त्यानं विचारलं.

"तोंड धुतेय," नंदिनी दारातून म्हणाली. "येतेय. रडलीय."

तो मान तशीच धरून बसला. आता समोर बघितलं तर ती खुर्ची पुन्हा जाईल आणि पोरगी आलेली कळणार नाही. मानेची शीर दुखायला लागली. आत नळ चालू होता, मग बंद झाला. भैरवी नंदिनीनं दिलेल्या पंच्यानं तोंड पुसत आली आणि पिशवी उचलून बसली. तो तिच्याकडं बघत होता हे पाहून तिला पुन्हा भरून आलं.

"कसलं काम विचारत होतो," तो म्हणाला.

"बँकेचं ॲप आहे सर. अकरा भाषांत. सगळ्या एकाच पडद्यावर बसवायच्या आहेत."

"उर्दू पण आहे?"

"आहे."

"मग ती उजवीकडून सुरू होईल," उन्मेष म्हणाला.  "तिथं सगळंच उलटं करावं लागेल. बाण, खुणा, आकड्यांची बाजू, सगळं. अवघड आहे. कुणी घाई केली तर ऐकू नकोस."

"नाही ऐकणार."

नंदिनीनं पोहे आणले. तिघं खात बसले. भैरवीनं नकळत त्याची बशी अर्धी फिरवली, आणि यावेळी ते उन्मेषला दिसलं. तो खात राहिला. चारला भैरवी उठली. तिची एसटी होती. ती गेल्यावर बराच वेळ तो त्याच बाजूला तोंड करून बसला होता. नंदिनी येऊन म्हणाली, "अहो, मान दुखेल," तेव्हा तो समोर वळला.